वायगावची हळद आणि जावयाचा नवसागर

आमच्या भाऊजींनी आमची जीप बिघडवली नव्हती.

एवढं एक वाक्य लिहायला मला साठाहून जास्त वर्षं लागली. मधल्या काळात मी लग्न केलं, नोकरी केली, निवृत्त झालो, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. पण हे वाक्य काही बाहेर पडलं नाही. आता अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी रात्रंदिवस तेच टोचतं, म्हणून लिहून मोकळा होतो.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होतं. माझे बाबा दिवाणी वकील. त्यांना जंगलात जाऊन राहण्याचं वेड, म्हणून त्यांनी नागपूरला लष्करी सामानाच्या लिलावात एक जुनी जीप घेतली. जीपसोबत एक तंबू आणि एक इंग्रजी मॅन्युअल मिळालं. तंबू इतका जड होता की उचलायला तिघे लागत. मॅन्युअल हलकं होतं, कारण त्यातली बरीच पानं माझ्याआधी वाळवीने वाचली होती. उरलेली अकरा पानं मी पाठ केली आणि स्वतःला इंजिनिअर समजू लागलो.

माझं वय बावीस. हात एक क्षण स्वस्थ नसत. गाडी चालत असली की मला वाटे, अजून चांगली चालेल. बंद पडली की वाटे, मी म्हटलंच होतं! मी मागे लाकडी बाकं बसवली, पाण्याचं पिंप ठेवायला कप्पा केला, स्टोव्हसाठी पेटी केली. समोरची काच आडवी पाडून बॉनेटवर बांधून टाकली. (जंगल नीट दिसावं म्हणून. जंगलातले किडेही नीट दिसत. ते तोंडातच येत.) एकदा हॉर्नच्या वायरी सुधारल्या, तर ब्रेक दाबला की हॉर्न वाजू लागला. भर कोर्टासमोर बाबांची गाडी पाच मिनिटं बोंबलत उभी होती.

त्या दिवशी बाबांनी निकाल दिला.

"गजू, आता गाडीचं अजून एक काही झालं तं किल्ली माह्या तिजोरीत. कायमची. समजलं?"

"हाव, बाबा."

किल्ली गेली असती तर माझा जीव गेला असता. त्या वयात मला दुसरं काही नव्हतंच.

अशातच दिवाळी आली. ताईचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं, म्हणून भाऊजींचा पहिला दिवाळसण. भाऊजी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. शांत, मितभाषी माणूस. बाबांनी ठरवलं, भाऊबीज झाली की जावईबापूंना गरमसूरच्या टेकड्यांत दोन दिवस तंबूत न्यायचं.

आई म्हणाली, "पह्यल्या दिवाळीले जावयाले जंगलात काऊन नेता? घर नाई का आपल्याले?"

पण बाबांपुढे अपील चालत नसे.

निघायच्या आदल्या दिवशी रेडिएटर गळू लागला. मी गाडीभोवती घिरट्या घालत होतो, तेवढ्यात भाऊजी आले. त्यांनी वाकून पाहिलं, बाह्या सरसावल्या, डाग मारायचं सामान मागवलं, नवसागर लावून जागा साफ केली आणि अर्ध्या तासात भोक बुजवलं. बाबांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली.

"याले म्हणते काम! पाह्य गजू, शिक काही."

मला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी सगळे सामान बांधण्यात गुंतलेले असताना मी जीपखाली डोकं घातलं. रेडिएटरच्या खाली एक थेंब! एकच, पण थेंब! (तो मीच पाणी भरताना सांडलेला होता, हे पुढे कळलं. आपल्या हातून काही सांडू शकतं, ही कल्पना तेव्हा मला नव्हती.) मला आनंद झाला. भाऊजींचा डाग गळत होता!

मोटार स्टँडवरचे ट्रकवाले सांगत की रेडिएटर पाझरला तर चिमूटभर हळद टाकावी. ती बारीक भोकात जाऊन बसते. मी कोठीत गेलो. वर्षाची हळद पोत्यात भरलेली. हळद वायगावची! आपल्या जिल्ह्यातल्या त्या हळदीची चिमूट भाजीत पडली तर चार दिवस बोटं पिवळी राहतात.

मी चिमूट टाकली. मन भरलं नाही. मूठ टाकली. मग वाटलं, रस्ता खराब, चढ मोठा, जावई घरचा; उगाच कंजुषी कशाला? शेवटी अडीच शेराचा डबा भरून आणला आणि रिकामा करून परत नेला. वर पाणी ओतलं, झाकण आवळलं, धोतराला हात पुसले.

इकडे आईने सामान काढलं होतं. जावयाच्या आंघोळीला तांब्याचं घंगाळ. जमिनीवर कसं बसवायचं म्हणून पाट. ओवाळायचं तबक. फराळाचे पाच डबे. आणि पाटा-वरवंटा!

"आई, पाटा?"

"मंग जवसाची चटणी काय तुह्या डोक्यावर वाटू?"

मागे तंबूला जागा उरली नाही. पण मी कशासाठी होतो? मी शेजारचे दोघे हाताशी घेऊन तंबूची जाड वळकटी करून गाडीच्या तोंडावर, समोरच्या जाळीवर आडवी ठेवली आणि दोरखंडाने करकचून बांधली. असा लष्करी थाट आला की मीच दोन पावलं मागे सरून पाहत राहिलो.

भाऊजी बाहेर आले. अंगात दिवाळसणाचा नवा कोरा टसरचा कोट. ते तंबूकडे बघत थांबले.

"गजाननराव, हे समोर बांधलं तं..."

"मॅन्युअलात तसंच दिलं आहे," मी म्हणालो.

नवा जावई तो. मुकाट गाडीत जाऊन बसला.

निघालो. जीप डाव्या हाताच्या स्टिअरिंगची. मी डावीकडे चालवायला, मानाने उजवीकडे भाऊजी, मागे बाबा, आई आणि ताई. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून वाटेतल्या सगळ्या शिव्या भाऊजींना! सेलूच्या बाजारात मी एका म्हाताऱ्याच्या बैलाला घासून गेलो, तर म्हातारा भाऊजींवर धावला.

"काऊन बे, डोये फुटले का तुये?"

भाऊजींनी हात जोडले. "चुकलं, बुवा."

मागून ताई म्हणाली, "अवो, गाडी तं गजू चालवून राह्यला."

"असू दे," भाऊजी म्हणाले. "त्याले कुठं समजावता."

हिंगणी मागे पडली आणि जंगल सुरू झालं. मला सारखं वाटत होतं, कसला तरी वास येतोय. मी पटापट गिअर बदलत होतो, मान काढून पुढे बघत होतो, पुन्हा बसत होतो.

"गजू, चुळबुळ काऊन करून राह्यला?" बाबा.

"काही नाई."

"तुले उलटी येऊन राह्यली का?" आई.

"नाई!"

"मंग इंजन पाह्य. त्याले येऊन राह्यली वाटते."

खरंच! चढाच्या मध्यावर बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती. आधी बारीक, मग भसाभस. मी ब्रेक दाबला. सगळे उतरले. चाकांना दगड लावले. भाऊजींनी बांधलेली काच सोडून उभी केली, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "कोणी झाकणाले हात लावू नका. अर्धा तास थांबा."

अर्धा तास! मी आयुष्यात कधी अर्धा तास थांबलो होतो? शिवाय आत काय आहे ते मला आणि देवालाच माहीत होतं. कोणी बघायच्या आत ते पाणी काढून टाकायला हवं होतं. सगळ्यांची पाठ वळताच मी ओलं फडकं घेतलं आणि झाकण एक वेढा फिरवलं.

"गजू!"

भाऊजींनी झडप घालून मला मागे ओढलं. आम्ही दोघे आपटलो. मी खाली, ते वर. आणि गरमसूरच्या त्या चढावर पळसाच्या झाडाएवढा उंच पिवळाजर्द कारंजा उडाला! नशीब थोर, वर जाऊन वाऱ्यावर पसरेपर्यंत पाणी निवलं आणि खाली आलं ते कोमट शिंतोड्यांनी. पण आलं सगळ्यांवर! बाबांच्या टकलावर, आईच्या लुगड्यावर, फराळाच्या डब्यांवर. भाऊजींचा टसरचा कोट पाठीकडून नखशिखांत पिवळा. सहा महिन्यांत त्यांना दुसऱ्यांदा हळद लागली.

मी एकटा कोरा करकरीत होतो. मी त्यांच्याखाली होतो ना!

आवाज ऐकून जवळच्या पाड्यावरची गोंड मंडळी धावत आली. पुढे एक म्हातारी. तिने भाऊजींकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं.

"लगन कुठं आहे, बाई?"

ताईने पदर तोंडात कोंबला. म्हातारी मागे वळून आपल्या भाषेत काही बोलली आणि सगळा पाडा खो खो हसला. अर्थ विचारायची आमची छाती झाली नाही.

बाबांनी चष्मा पुसला आणि उलटतपासणी सुरू केली.

"गजू, पाणी पिवळं काऊन?"

मला बाबांच्या जागी तिजोरी दिसू लागली. आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं, ज्याच्यासाठी हा सगळा लेख.

"भाऊजींनी नवसागर लावला होता ना, बाबा. जास्त झाला तं पाणी पिवळं होते. मॅन्युअलात आहे."

आईने पदराचा वास घेतला. "वास तं आपल्या हळदीचा येऊन राह्यला."

"नवसागर तापला की असाच वास येते."

"कल्हईवाला दारात तापवते की नवसागर. तेव्हा नाई येत?"

"त्याचा देशी असते, आई. हा इंजिनिअरिंगचा!"

बाबांनी डोळे बारीक केले. "तुह्या अंगावर थेंब नाई. मंग हात खिशात काऊन?"

हात सदऱ्याच्या खिशात होते, कारण दहाही बोटं सकाळपासून पिवळी होती.

"काढ हात."

मी भाऊजींकडे पाहिलं. ते माझ्या खिशाकडेच बघत होते. धोतराला पुसलेली दोन पिवळी बोटंही त्यांना दिसली असणार. ते पुढे आले आणि हलकेच म्हणाले, "बाबासाहेब, माह्याकडूनच झालं. नवसागर जरा जास्तच लागला असंल."

कबुलीजबाब मिळाला की वकील पुढे विचारत नाही. प्रकरण मिटलं. किल्ली माझ्याकडे राहिली.

पाड्यावरच्या लोकांनी बैल जुंपून जीप वर ओढली. दोन दिवस आम्ही त्यांच्या अंगणाशेजारी तंबू ठोकून राहिलो. म्हातारीने आईकडून जवसाची चटणी शिकून घेतली आणि भाऊजींना ती शेवटपर्यंत "नवरदेव" म्हणत होती. भाऊजींनी रेडिएटर साध्या पाण्याने दहा वेळा धुतला. परतताना त्यांनी स्वतः उभं राहून तंबू गाडीच्या मागच्या बाजूला बाहेरून बांधून घेतला आणि जीप वर्ध्यापर्यंत एकदाही न तापता आली. मी मनात म्हटलं, हळद गेली आणि पीडा गेली.

पण पीडा भाऊजींच्या गळ्यात पडली होती. 'जावयाचा नवसागर' आमच्या घराण्यात अमर झाला. लग्नकार्यात पेट्रोमॅक्स विझली आणि भाऊजी उठले, की चारी बाजूंनी आवाज येई, "जावईबापू, तुम्ही बसा!" पुढे भाऊजी इंजिनिअर झाले, त्यांनी नदीवर पूल बांधले, पण आमच्या घरी त्यांना पंख्याचं बटण दाबू देत नसत. बाबा तर त्यांच्या पुलावर गाडीतून उतरत आणि पायी पलीकडे जात. पोरं मोठी झाली, नातवंडं झाली, पण ते "बसा!" काही थांबलं नाही. भाऊजी हसून बसत. आणि प्रत्येक वेळी माझ्या खिशातली बोटं पिवळी होत.

गेल्या महिन्यात मी नालवाडीला त्यांच्या घरी गेलो. भाऊजी आता त्र्याण्णव वर्षांचे आहेत. ताईचा मिक्सर बंद पडला होता. तो टेबलावर उघडा पडलेला, आणि भाऊजी दोन हात लांब बसलेले. मी खुर्ची ओढली आणि एका दमात सगळं सांगितलं. हळद, डबा, बोटं, सगळं. डोळ्यांत पाणी आलं.

भाऊजी म्हणाले, "हळदीचं तं मले तेव्हाच समजलं होतं."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तुह्या किल्लीसाठी. अन दिवाळसणाचा जावई, साळ्याले बापाच्या हातून मार खाऊ घालू का?"

मी त्यांचे हात धरले. "माह्यामुळं गाडी तापली, भाऊजी!"

"तुह्यामुळंच. पण हळदीनं नाई."

"म्हणजे?"

"हळदीनं नुसता रंग आणला. गाडी तापली तंबूनं. जाळीवर एवढी वळकटी बांधली होती तू, हवा जाईल कुठून? मी सांगाले आलतो. तू म्हणाला, मॅन्युअलात आहे."

 म्हणजे साठाहून जास्त वर्षं मी भलत्याच गुन्ह्याचा पश्चात्ताप करत होतो! तंबूचा पश्चात्ताप आता पहिल्यापासून सुरू करायचा, आणि तोही अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी!

ताई दारात उभी राहून सगळं ऐकत होती.  ती आत गेली, स्क्रू पिळायचा पेचकस घेऊन आली आणि तो भाऊजींच्या हातात दिला. लग्नानंतर पहिल्यांदा.

भाऊजी मिक्सरवर वाकले. माझं मन भरून आलं. निदान मदत तरी करावी म्हणून मी हात पुढे केला.

दोघंही एकदमच ओरडले, "गजू, तू बस!"

मी बसलो. मॅन्युअलातही तेच दिलं असावं. नेमकं ते पान वाळवीने खाल्लं.