मारवाडी शिकावी की गुजराती

सन १९२६. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि दमणी हाकत होतो. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी, तिच्यात पोती भरत नाहीत. आमचं गाव जऊळक्याच्या टेसनाला लागून. आगगाडीतून उतरणारा माणूस शिरपूरला जैनांच्या देवळात दर्शनाला निघालेला असला की त्याला दमणी लागायची, आणि त्या वाटेवर माझ्या जोडीसारखी जोडी नव्हती. हे गाव म्हणे. मीही म्हणे.

शाळा माझी तिसरीपर्यंत. त्यानंतर मास्तरांचं आणि माझं जमलं नाही. पण ऐकायची खोड मला लहानपणापासून. टेसनावर कोणी दोन माणसं परक्या बोलीत भांडायला लागली की मी बैलांना कडबा टाकायचा सोडून तिथं जाऊन उभा राही. भांडण कशाचं ते कळत नसे, तरी मजा येई.

थोरल्या भावाला हे बघवत नसे. शेत त्याच्या अंगावर होतं आणि माझी जोडी त्याला वखराला पाहिजे होती. दसऱ्याच्या सुमाराला तो मला जेवताना म्हणाला,

"दमणीच्या भरवशावर पोट भरते का रे?"

"भरते."

"मंग दाखव मले. यंदाच्या थंडीत माणसं तुह्या गाडीत बसली तं बसली. नाई तं होळीले दमणी इकून टाकतो आन बैल वखराले."

"इकून तं पाह्य," मी म्हटलं आणि ताट सारलं. पण मला माहीत होतं, तो बोलला की करतो. आमच्या घराण्यात तोच एक गुण सगळ्यांत सारखा आहे.

शिरपुरात यात्रेकरूंचं उतरण्याजेवण्याचं बघणारे एक मुनीमजी होते. मी त्यांच्याकडं गेलो आणि थंडीभराचं काम मागितलं. ते म्हणाले, "गाडीवान पुष्कळ आहेत बाबा. लोक किती दुरून येतात. म्हाताऱ्या बायकांना हिंदीही येत नाही, टेसनावर उतरल्या की बावरतात. त्यांच्या बोलीत बोलणारा गाडीवान मिळाला तर त्याला मी शिमग्यापर्यंत बांधून घेतो."

"कोणती बोली, मुनीमजी?"

"कोणी गुजरातेतून येतं, कोणी मारवाडातून. दोन्हीतली कोणतीही एक."

"दोनी शिकतो."

"एक ना धड, भाराभर चिंध्या. एकच शिक, पण नीट. दिवाळी झाली की बघतो तुला."

येताना बैल आपले आपण चालले आणि मी विचार करत बसलो. मारवाडी की गुजराती? आजवर मी त्या दोघींना एकच समजत होतो. खरं सांगायचं तर आमच्याकडं सगळेच समजत. दुकानदार म्हटला की मारवाडी, मग तो कुठला का असेना.

मारवाडी तर गावातच होती. आमच्या दुकानदाराची आई दुकानाच्या ओट्यावर मूग निवडत बसायची. तिला सगळं गाव माजी म्हणे. वऱ्हाडात येऊन तिचे केस पांढरे झाले, पण आपली बोली तिनं सोडली नव्हती. गिऱ्हाईकानं शिकावी तर शिकावी, ती शिकणार नाही. म्हणूनच मला ती बाई आवडायची. मी ओट्याखाली जाऊन उभा राहिलो.

"माजी, मले तुमची बोली शिकवता का?"

तिनं मुलाला हाक मारून विचारलं, हा काय म्हणतो. मुलानं सांगितलं तशी ती मूग सांडेपर्यंत हसली. मग म्हणाली, "आव छोरा, बैठ."

मी एकेक विचारत गेलो. इथं म्हणजे अठै. कुठं म्हणजे कठै. काय म्हणजे कांई. नाही म्हणजे कोनी. हळू म्हणजे होळै. हे होळै ऐकून मी चमकलो. हे तर आपलंच! आणि कांई हा आपल्या कायचाच भाऊ दिसतो. एवढ्या लांबून, वाळूच्या मुलखातून ही बोली आली आणि आपल्या घरातली भांडी तिच्या मांडणीवर कशी?

गुजराती शिकायला मात्र वाशिमला जावं लागे. तिथल्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, एक गुजराती मिस्त्री होता. यंत्राच्या आवाजानं तो सगळ्यांशी ओरडूनच बोले. मी बाजाराच्या दिवशी गेलो की त्याच्यासाठी वांगी न्यायचो आणि तो तेलाचे हात पुसत मला शिकवायचा. इथं म्हणजे अहीं. कुठं म्हणजे क्यां. काय म्हणजे शुं. नाही म्हणजे नथी. हळू म्हणजे हळवे. म्हणजे हळू तिथंही होतंच. पण मला खरं नवल वाटलं ते त्यांच्या छेचं. आपण नाही म्हणताना छे म्हणतो, आणि हे लोक आहे म्हणायला छे म्हणतात. पाणी छे म्हणजे पाणी आहे! मी वाशिमहून घरी येईपर्यंत वाटेत दिसेल त्याला छे लावत आलो. झाड छे, दगड छे, म्हैस छे. समोरून येणारा एक माणूस पार रस्ता सोडून चिखलातून गेला.

रोज एक गोष्ट कळे आणि रोज गोंधळ वाढे. एका दिवशी वाटे मारवाडी आपल्याला जवळची, दुसऱ्या दिवशी वाटे गुजराती. शेवटी माझी मी समजूत काढली, की त्या दोघी सख्ख्या बहिणी आणि आपली मराठी त्यांची मावसबहीण. तोंडवळा तिघींचा मिळतो, पण कुठं नाक मिळतं, कुठं हनुवटी.

मी मिस्त्रीला विचारलं, कोणती शिकू? तो ओरडला, "अरे भाई, गुजराती शीख! मारवाडी तो एनी मेळे आवी जशे." गुजराती शिकलास की मारवाडी आपोआप येईल. माजीला विचारलं. ती म्हणाली, "म्हारी बोली सीख ले छोरा, गुजराती तो आपै समझ में आ जासी." आता बोला. दोघांनी एकच औषध सांगितलं, फक्त पुड्या अदलाबदल करून.

मग मी टेसनावर बसून कोण जास्त उतरतं ते बघू लागलो. तर एका दिवशी सगळे छेवाले, दुसऱ्या दिवशी सगळे कोनीवाले. त्यानंही काही ठरेना.

ठरवलं ते भावामुळं. तो एकदा वैतागून म्हणाला, "दारात हीर असून वाशिमले पानी भराले कायले जातं? त्या माजीपाशी बस आन शिक मारवाडी. अक्कल आहे का नाई?"

झालं. त्यानं मारवाडी म्हटल्यावर मी मारवाडी शिकणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "मी गुजराती शिकून राह्यलो. ठरलं माह्यं." माजीला जाऊन सांगितलं तशी तिनं तोंड वाकडं केलं आणि दोन दिवस माझ्याकडं बघितलं नाही. पण मनातली गोष्ट सांगतो, नुसत्या हट्टानं माणूस कोसच्या कोस तुडवत वाशिमला जात नाही. मला त्या छेचा नाद लागला होता.

दिवाळीपर्यंत मी मिस्त्रीकडून पुष्कळ वाक्यं पाठ केली. आवो, बेसो, क्यां जवुं छे, चिंता न करो, हमणां पहोंची जईशुं म्हणजे आत्ता पोचू, आणि म्हाताऱ्या बाईला बा म्हणायचं. बैलांपुढं उभा राहून घोकायचो. बैल ऐकून घ्यायचे.

दिवाळी झाली आणि मुनीमजींचा निरोप आला. दुपारच्या गाडीनं एक म्हातारं जोडपं येतंय, गुजरातेतलं. घेऊन ये. बघू तुझी भाषा.

गाडी नेमकी उशिरा आली. दिवस कलायला लागला होता. जोडपं उतरलं. म्हातारा उंच, पांढरी मिशी, तोंड मिटलेलं. म्हातारी बुटकी, हातात पितळी डबा. मी पुढं होऊन म्हटलं, "आवो बा, बेसो. क्यां जवुं छे? शिरपूर? चिंता न करो."

म्हातारीचा चेहरा असा उजळला! दोन दिवसांच्या प्रवासात तिला पहिल्यांदाच कोणी घरचं भेटलं असेल. आणि मग ती बोलायला लागली. बोलायला लागली म्हणजे धरणाचं दारच उघडलं. मला त्यातलं एक अक्षर कळेना. मिस्त्री शिकवताना एकेक शब्द सुटा करून द्यायचा, भाजीवाला वांगी मोजून देतो तसा. हिनं पाटीच ओतली. मी मान हलवली आणि म्हटलं, "हा बा, हा बा."

म्हातारा तर बोलेचना. त्यानं दर्शन होईपर्यंत मौन धरलं होतं, पण ते मला मागाहून कळलं. तेव्हा मला वाटलं, माणूस घमेंडी आहे.

मी पराणी उचलली. तिच्या टोकाला बैलाला टोचायची लोखंडी आर असते. ती बघून म्हातारी गाडीतून खाली उतरायलाच लागली. पराणीकडं बोट, बैलांकडं बोट, आणि डोळ्यांत पाणी. एवढं मला कळलं. जैन धर्मात किड्यामुंगीला जपतात, मग बैलाला टोचलेलं कसं चालेल? मी पराणी गवताखाली सारली आणि नुसत्या तोंडानं गाडी हाकली.

आता आमच्याकडच्या लहान पोरालाही माहीत, की हे लोक दिवस बुडाल्यावर अन्नाला शिवत नाहीत. माझ्या मनात एकच होतं. दिवस बुडायच्या आत शिरपूर गाठायचं, म्हातारीच्या पोटात दोन घास गेले पाहिजेत. मी बैलांना हाका घातल्या, शेपट्या पिळल्या नाहीत, थोपटलं, शिव्याही गिळल्या. "चाल रे राजा! चाल रे वाघा!" जोडी अशी पळाली की घुंगरांचा आवाज नाल्याच्या पलीकडं जाऊन परत येत होता.

म्हातारी मागून काही म्हणत होती. मी म्हणे, "चिंता न करो बा, हमणां पहोंची जईशुं." नाला आला, काठाला आंब्याची सावली, स्वच्छ पाणी. म्हातारीचा आवाज चढला. म्हाताऱ्यानं माझ्या खांद्याला हात लावला, सूर्याकडं बोट दाखवलं, मग खाली जमिनीकडं. मी म्हटलं, बरोबर आहे, दिवस जमिनीला टेकायला आला, लवकर चल म्हणतोय. मी बैलांना आणखी पळवलं. नाला मागं पडला. म्हातारी गप्प झाली. मला वाटलं, आता तिचा विश्वास बसला.

शिरपूर समोर दिसत असताना दिवस बुडाला. मागं वळून बघितलं तर म्हातारीच्या मांडीवर डबा उघडा. दशम्या, लोणचं, कोरडी चटणी, सगळं नीट मांडलेलं, एक घासही न मोडलेलं. तिनं सूर्य गेलेल्या दिशेला बघितलं, झाकण लावलं आणि डबा पदराखाली ठेवला. रागाची एक रेघ नाही तोंडावर. मी बैलांना हाका घालायचं थांबवलं.

मुनीमजी दारातच उभे होते. म्हातारीनं त्यांना काही सांगितलं आणि ते माझ्यावर कडाडले.

"अरे, बाई सगळी वाट सांगत आली, नाल्यावर गाडी उभी कर म्हणून! बरोबर जेवण होतं त्यांच्या. दहा घास खायला काय वेळ लागतो? ते खुणा करून राह्यले, दिवस बुडेल, इथं थांब. अन् तू पळवतच सुटला! दोघं उपाशी राहतील आता उद्या दिवस निघेपर्यंत."

"मी त्याईच्यासाठीच तं पळवलं, मुनीमजी! पराणी न लावता आणली जोडी. दाखवा मले दुसरा कोनी आणून!"

"गाडीवान म्हणून नाही निवडलं मी तुला. भाषा येते म्हणून घेतलं."

डोळ्यांपुढं भाऊ दिसायला लागला, माझ्या जोडीला वखराला जुंपताना.

तेवढ्यात म्हातारी मध्ये पडली. तिनं माझ्या बैलाच्या मानेवरून हात फिरवला आणि मुनीमजींना काही म्हणाली, आणि हसली. मुनीमजींचा आवाज एकदम खाली आला. मला दम निघेना. "काय म्हणते बा?"

"म्हणते, मोढुं तो आवी गयुं, कान आववाना बाकी छे. तोंड आलं तुला, कान यायचे राहिलेत." मग ते म्हणाले, "अन् म्हणते, परत जाताना टेसनापर्यंत ह्याच गाडीत बसणार. बैलांना टोचत नाही म्हणून." त्यांनी माझ्याकडं बोट रोखलं. "होळीपर्यंत ठेवतो तुला. पण कळलं नाही तर मान हलवायची नाही. विचारायचं. मान हलवलेली दिसली की त्या दिवशी काम बंद."

चूक झाली असं मी तेव्हाही कबूल केलं नाही. नुसतं "बरं" म्हटलं, आणि बैल सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, म्हातारी ओसरीवर उपास सोडायला बसली. मी अंघोळ करून तिच्यापुढं जाऊन जमिनीवर बसलो. पाठ केलेलं एकही वाक्य बोललो नाही. तिच्या वाटीकडं बोट केलं आणि विचारलं, "आ शुं छे?"

ती म्हणाली, "मगनुं पाणी." म्हणजे मुगाचं.

मी म्हटलं, "हळवे बोलो, बा. फरी बोलो, परत." आणि ऐकत बसलो.