नकाशावर न दिसलेली मुलगी

पाथर्डीतल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक गुरुजी दर शनिवारी यायचे. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठी त्यांनी वेबसाइटवर धडे ठेवले होते. ते धडे कुठून आणि किती वेळ पाहिले जातात, हे वाचायला मी त्यांना शिकवत होतो. मी एकूण आकडा दाखवायचो; गुरुजी मात्र धडे पाहणाऱ्यांची गावं दाखवणारा नकाशाच बघत बसायचे.

एकदा ते हळूच म्हणाले, "कराडकडनं या आठवड्यात कुनीच न्हाई." तिकडे त्यांची एकच विद्यार्थिनी होती.

"रेंज नसेल, गुरुजी."

"व्हय, आसंल," म्हणाले, आणि तसेच एसटीने कराडला गेले.

ती फडात ऊस तोडत होती. मोबाईल बापाने विकला होता. गुरुजींनी त्याची कशीबशी समजूत काढली आणि तिला परत आणलं. आता ती त्यांच्याच घरी राहून शाळेत जाते.

परतताना गुरुजी गाडीत रडले, हे मला तिनेच सांगितलं. ते स्वतः याबद्दल कधी बोलले नाहीत.