नत्थुजीचा कळप

त्या उन्हाळ्यात नत्थुजीनं काळविटांचा नाद धरला. कापूस गाड्यांत भरून मूर्तिजापूरच्या जिनात गेला होता, वावरं रिकामी होती, आणि हा गडी रोज पहाटे घोंगडी पांघरून, आपल्या बैलाच्या आडोशानं कळपामागे चालायचा. काळवीट माणसाला भितात, बैलाला भीत नाहीत. म्हणून नत्थुजी माणूसपण घरी ठेवून जायचा. त्याची बायको, शकुनची आई मैनाबाई म्हणायची, ठेवण्याजोगं फार नव्हतंच.

कारण तसं गंभीर होतं. पूर्णेच्या पात्रातल्या डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांचे मळे, कोणीतरी फस्त करत होतं. गावानं आळ कळपावर घातला. खुशालराव पाटलानं इंग्रजी परवान्याची बंदूक पुसली, अमरावतीहून काडतुसं आणवली.  नत्थुजी तर तो कळप बघतच लहानाचा मोठा झाला होता.

म्हणून तो मागावर राहिला. हरणं नदीकाठची खारी माती चाटायची आणि माळावर परतायची. डांगराला तोंडही लावायची नाहीत. चोर निराळाच निघाला. पाटलानं नवस फेडायला महादेवाच्या नावानं सोडलेला वळू! तो वाडीत शिरला की राखणदार हात जोडून डोळे मिटायचा.

"मंग सांगा ना पाटलाले," मैनाबाई म्हणाली.

"देवाच्या वळूले चोर म्हनू? गावाबाहेर काढतीन मले."

"बोलू नका, नुसतं दाखवा. बोलले का तुमचं काम बिघडते, हे मी लग्नापासून पाहून राहिली."

शिकारीच्या पहाटे नत्थुजीनं पाटलासकट सगळ्या शिकाऱ्यांना घोंगड्या पांघरून बैलांआड नदीवर नेलं. पाटलाला घोंगडी आखूड पडली. पोट बाहेरच राहिलं. कळप आला, माती चाटली आणि वाडीच्या कडेनं निघाला. पाटलानं नेम धरला. तेवढ्यात वाडीतून मचमच ऐकू आली. वळू निवांत डांगर खात उभा होता, हनुवटीवरून रस गळत होता. सवयीनं सगळ्यांचे हात जोडले गेले. पाटलाचेही. बंदूक वाळूत पडली.

 पाटील हळूच म्हणाला, "जेवते महादेव, अन् आपन गोळ्या घालून राहिलो हरनाले."

तोवर कळप उड्या मारत माळापार गेला होता.

नत्थुजी भर उन्हात घोंगडी पांघरूनच गावभर मिरवला; लोक थांबून रामराम करत होते. मैनाबाईनं दारात गूळपाणी पुढे केलं.

"काढा आता ते, शकुनच्या बाबा," ती म्हणाली. "गावानं मानूस मानलं तुमाले."