हारुतोला पाडणारी एकशे चाळीस मतं

मला आजवर एकाच पुरुषाचा मनापासून मत्सर वाटला आहे, आणि तो पुरुष अस्तित्वात नाही. त्याचं नाव हारुतो. वय सतरा, केस चंदेरी, मुक्काम आमच्या सईचा फोन.

सई म्हणजे माझी मुलगी, तेरा वर्षांची. जपानमध्ये कुणीतरी गाणाऱ्या पोरांच्या दोन टोळ्या काढल्या आहेत. काढल्या म्हणजे अक्षरशः चित्रं काढली आहेत. एक टोळी युकिबोशी, दुसरी काझेगुमी. त्यांची गाणी आहेत, कॉमिक्स आहेत, मालिका आहे, ॲपवर गेम आहे, दोन्ही टोळ्यांचं एकमेकांशी हाडवैर आहे. फक्त पोरं खरी नाहीत. हारुतो हा युकिबोशीचा लीडर. सईच्या खोलीत त्याचे सात फोटो. माझा एक होता, तो व्हिसाच्या कामाला काढला आणि परत लावायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आम्ही कतारमध्ये अल वक्राला राहतो. मी मूळचा नाशिकचा, त्या वर्षी एका स्टेडियममध्ये एसीचे डक्ट बसवत होतो. वर्ल्ड कप तोंडावर आलेला, अख्खं कतार घाईत. पूर्वी मी घरी आलो की ही पोरगी दारातच विचारायची, "बाबा, आज काय बसवलं?" आता दार मी माझ्या किल्लीनं उघडायचो.

अशात आमच्या स्टेडियमवर चाचणीचा सामना ठरला आणि मला दोन पास मिळाले. लोक पासांसाठी माझ्या मागे लागले होते, अगदी मला कधी चहाही न विचारणारे! मी ऐटीत ते सईपुढे ठेवले.

"शुक्रवारी आपण दोघंच. बाबाच्या डक्टची हवा खायला."

"सॉरी बाबा, फ्रायडेला रिझल्ट आहे."

"कसला? युनिट टेस्टचा?"

"हारुतोचा."

भानगड अशी होती की वर्ल्ड कपच्या निमित्तानं ॲपवाल्यांनी देशवार मतदान ठेवलं होतं. ज्या टोळीला कतारमधून जास्त मतं, तिचा लीडर व्हिडिओत कतारचं नाव घेऊन आभार मानणार. हारुतोच्या तोंडून तो एक शब्द ऐकायला माझी मुलगी महिनाभर जीव टाकत होती. मी दोन्ही पास फोरमनला देऊन टाकले आणि ठरवलं, याला पाडायचा.

इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मतदानाची लिंक टाकली : "आमच्या सईचा शाळेचा प्रोजेक्ट आहे. काझेगुमीच्या तेत्सुयाला मत द्यावे ही विनंती." (तेत्सुया म्हणजे समोरच्या टोळीचा लीडर.) आमच्या मंडळात कुणाच्याही पोरासाठी मत मागितलं की कशाला, कुणाला, असं विचारायची पद्धत नाही. रांगोळी असो, फॅन्सी ड्रेस असो, आधी मत, मग "डन", मग अंगठा. पाच मिनिटांत निरोप बायकांच्या ग्रुपवर गेला. मुऐदर भागात राहणाऱ्या एका वहिनींनी तर हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्यांना फोन काढायला लावले. साइटवर माझा फोरमन चहाच्या सुट्टीत "यल्ला यल्ला, तेत्सुया" करत, म्हणजे चला चला म्हणत, लोकांना मत द्यायला हाकत होता. हे काही बरं नाही, असं मलाही एकदा वाटलं. पण ते सात फोटो आठवले आणि मी बायकोच्या फोनवरूनही मत देऊन टाकलं.

शुक्रवारी व्हिडिओ आला. काळ्या केसांचा, तोंड पाडून बसणारा तेत्सुया पुढे आला आणि म्हणाला, "शुक्रन, कतार." मागे हारुतो मान खाली घालून उभा. सईनं फोन पालथा ठेवला. "आई, मला जेवायचं नाहीये." ती रडली असती तर परवडलं असतं. मला वाटलं होतं, आपल्याला फार बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. मंडळाचे सेक्रेटरी कारखानीसकाका. तिचे हात कणकेचे, म्हणून तिनं स्पीकर लावला. काकांना सईच हवी होती.

"सई बेटा, अभिनंदन! आला ना तुझा प्रोजेक्ट पहिला? आपली एकशे चाळीस मतं गेली. बाबांनी फारच मनावर घेतलं हो!"

फोन बंद झाला.

"बाबा, तू? व्हाय?"

"मी एका चित्रावर जळतो" हे वाक्य सत्तेचाळीस वर्षांच्या इंजिनिअरच्या तोंडून निघत नाही. माझ्या तोंडून निघालं, "मला तेत्सुया आवडतो."

"सिन्स व्हेन?"

"पहिल्यापासून."

"ओके. मग त्याचा ब्लड ग्रुप काय?"

(त्या पोरांच्या माहितीत रक्तगटही दिलेला असतो, हे मला कुठून ठाऊक असणार?) घाबरून मी माझाच सांगितला. "बी."

सई बघतच राहिली. "ओ माय गॉड. तू खरंच फॅन आहेस. बाबा, दॅट्स सो टॉक्सिक."

आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. तेत्सुया किती भाव खातो, हारुतो त्याला किती वेळा माफ करतो, काझेगुमीचा नाच कसा चोरलेला आहे, यावर ती पाऊण तास भांडली. भांडता भांडता दोन पोळ्या खाल्ल्या. सहा महिन्यांत मिळून ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. मीही मुद्दाम हट्ट सोडला नाही.

आता अभ्यास करणं भाग होतं. जेवणाच्या सुट्टीत डक्टच्या ढिगाऱ्यावर बसून मी मालिकेचे बावीस भाग पाहिले. तेत्सुयाचा बाप बोटीवर नोकरीला असतो आणि घरी त्याच्याशी कुणी धड बोलत नाही. बाराव्या भागात मला रडू आलं. फोरमनला वाटलं डोळ्यात धूळ गेली, त्यानं पाण्याची बाटली दिली. संध्याकाळी रोज आमची जुंपायची. सई तावातावानं बोलायची, मी मध्ये काडी टाकायचो, आणि पोळ्या गार व्हायच्या.

बायकोला मात्र तिच्या फोनवरून गेलेलं मत सापडलं होतं. एके दिवशी तिनं मला ओट्यापाशी गाठलं.

"अहो, पोरीला किती दिवस फसवणार? सांगून टाका, जळफळाट झाला होता म्हणून. हसेल आणि सोडून देईल."

तिचं अगदी बरोबर होतं.

"सांगतो," मी म्हणालो, "पण पुढच्या आठवड्यात. या आठवड्यात तेत्सुयाचा वाढदिवस आहे, उगाच घरातलं वातावरण कशाला बिघडवायचं?"