कॉलेजचा कौल
शब्दकोशात 'डायरेक्शन' या शब्दापुढे दिशा, सूचना, आज्ञा, मार्गदर्शन असे अर्थ वाचले, की मला आमच्या ग्रामदेवाचा ओला, काळोखा गाभारा आठवतो. मी मॅट्रिक झालो होतो. कोल्हापूरला कॉलेजात जायचं की घरची शेती बघायची, याचा कौल लावायला वडील मला देवळात घेऊन गेले. गुरवाने पाषाणाच्या दोन्ही बाजूंना भिजवलेली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर जायचं, डावं पडलं तर राहायचं. फुलं हलेनात. माझी चुळबूळ पाहून गुरव म्हणाला, "गप रव रे, देवाक काय तुझी मोटार गाठूची आसा?" इतक्यात डावं फूल घसरलं. वडिलांनी त्या फुलाकडे पाहिलं. मग खांद्यावरचा पंचा सारखा करून त्यांनी स्वतःच गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, पोरगो जातलोच. तू रागाव नको, तेची राखण कर." गुरव गोंधळला, पण गाऱ्हाण्याला साथ द्यायच्या सवयीने म्हणाला, "व्हय म्हाराजा." आज नावापुढे बी.ए. लिहिताना वाटतं, देवाला विचारून पुन्हा देवालाच समजावणं वडिलांना किती जड गेलं असेल.