तांब्याच्या बॉयलरला कोणता डाग?

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी टर्नर होतो. लेथवर केसाएवढा फरक हाताला कळायचा, पण दोन पत्रे जोडायची वेळ आली की मी अडाणी. त्यात वाफेचं छोटं इंजिन करायचं खूळ डोक्यात शिरलं. इंजिन झालं. त्याला तांब्याचा लोट्याएवढा बॉयलर केला आणि सांध्यांना साध्या कथलाचे डाग देऊन तो जोडला.

रविवारी सकाळी बुवापाड्यातल्या आमच्या खोलीत तो स्टोव्हवर ठेवला. चाक फिरू लागलं तसे मी आणि बायको बघतच राहिलो. आतलं पाणी कधी संपलं, कळलंच नाही.

"अहो, बूड पडलं!" बायको ओरडली. कथील वितळून स्टोव्हवर टपटप गळत होतं.

उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराला विचारलं. तो हसला. "साईं, आग पे राँगा टिकेगा क्या? पीतल का झाल मारो."

राँगा म्हणजे आपलं कथील, झाल म्हणजे डाग. पितळेचा चुरा आणि डाग नीट पसरावा म्हणून टाकणखार घेऊन आलो. नवा पत्रा कापून दुसरा बॉयलर बांधला आणि कारखान्याच्या भट्टीत धरला. सगळंच लालभडक झालं. पितळ वितळलं की तांबं, समजेना. बाहेर काढला तर पत्र्याची कडाच वितळून गेलेली. एक डाग लवकर वितळतो, दुसरा इतका उशिरा की तांबंच सोबत घेऊन जातो. मग लावायचं काय?

बायकोच्या माहेरचे म्हातारे सोनार बदलापूरला राहत. तिनं आपलं तुटलेलं चांदीचं पैंजण पदरात बांधलं आणि मला घेऊन गेली. मी पहिला बॉयलर पुढे केला. त्यांनी लगेच बाजूला सारला.

"याला कथलातलं शिसं लागलंय. यावर चांदीचा डाग दिला तर शिसं तांब्याला खाईल. कोरं तांबं आणा."

"पण चांदी तरी लवकर वितळते का?"

"एकटी नाही. तिच्यात पितळ घालायचं."

"पितळही उशिराच वितळतं ना?"

"हो."

"मग दोन्ही उशिरा वितळणारे एकत्र आले की लवकर कसे वितळतात?"

सोनारबुवांनी फुंकणी खाली ठेवली. "ते मला ठाऊक नाही. माझ्या वडिलांनाही नव्हतं. वितळतात, एवढं खरं."

पैंजणाच्या चांदीत पितळ घालून डाग तयार झाला. पुढच्या रविवारी कोऱ्या तांब्याच्या तिसऱ्या बॉयलरवर तो पाण्यासारखा सांध्यात धावला आणि तांबं जागच्या जागी राहिलं. थंड पाणी भरून पंपानं दाब दिला, थेंबही गळला नाही. बॉयलर पुढे कितीतरी वर्षं चालला.

कारखान्यातल्या एका साहेबांनी नंतर कागदावर रेघा काढून दोन्ही एकत्र आले की लवकर का वितळतात, ते मला समजावलं. मी मान हलवली. घरी येऊन बायकोला तेच सांगायला बसलो आणि दुसऱ्याच वाक्याला अडकलो.