नाथाजीबापूंचा बर्फ आणि दोन तऱ्हेचे टायर

खरं सांगू? हे मी लिहिणारच नव्हते. कॉलेजच्या अंकासाठी ‘माझ्या पाहण्यातली एक व्यक्ती’ असा विषय निघाला आणि वर्गातल्या सगळ्यांनी आपापले पुढारी नाहीतर डॉक्टरकाका काढले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र एकच माणूस. पटक्यातून पाणी गळतंय, पायात वहाणा नाहीत, डोक्यावर पोतं. हसतील सगळे, म्हटलं. शिवाय विजयमालेला शब्द दिला होता की तिचं लग्न बर्फापायी मोडायला आलं होतं हे कुणाला सांगणार नाही. शेवटी तिलाच कार्ड टाकून विचारलं. परवा उत्तर आलं, दोन ओळींचं. ‘लिही की. पण टायरचं नीट लिही, बापू कुणाकडनं तरी वाचून घेतील.’ म्हणून एका बैठकीत टाइप करून टाकतेय. परत वाचलं तर फाडीन.

तर नाथाजीबापू म्हणजे विजयमालेचे वडील. सांगलीहून भिलवडी स्टेशनाकडे निघालं की सोळा मैलांवर आमचं गाव. माझे वडील तिथं शाळामास्तर, त्यामुळे विजयमाला आणि मी एका पाटीवर वाढलो. बापूंचा धंदा बर्फाचा. उन्हाळ्यात सांगलीच्या कारखान्यातून वीस शेरांची लादी घ्यायची, भुशात लोळवायची, पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरेजला आवळायची आणि सोळा मैल पायडल मारत गावच्या बाजारात आणायची. वीस वर्षं हेच. त्यामुळे त्यांचं सगळं मोजमाप बर्फात.

“बापू, ओढा किती लांब हो?”

“एक शेर.” म्हणजे गावापासून ओढ्यापर्यंत एक शेर बर्फ वितळतो.

एकदा माझ्या आईनं त्यांना रस्त्यात थांबवून ख्यालीखुशाली विचारली, तर घरी जाऊन म्हणाले, “मास्तरीणबाई पाव शेर बोलल्या.” त्यावर त्यांच्या बायको, हरणाबाई, चुलीपासनं ओरडल्या, “आन तुमच्यासंगं संसार करून माजं किती शेर ग्येलं, त्ये बी सांगा की!”

आता टायर. लढाई संपून वर्ष झालं होतं, तरी टायर परमिटवर. अर्ज करकरून एकदाचं दोन जोड्यांचं परमिट आलं, तर सांगलीच्या दुकानात गंगाधरपंतांनी दोन तऱ्हा पुढं ठेवल्या. एक जाड, बोटभर रबर, बाभळीचा काटा त्याच्यात घुसता घुसता म्हातारा होईल असा. पण ओढायला जड. दुसरा पातळ, सुळ्ळकन पळणारा, पण काट्याकडे नुसतं बघितलं तरी फुस्स. साधा माणूस कुठलाही एक घेऊन गेला असता. बर्फवाल्याचं तसं नाही. सावकाश गेलं तरी वितळतो आणि पंक्चर काढत बसलं तरी वितळतो.

बापूंनी दोन्हींची एकेक जोडी आणली आणि तीन बाजार परीक्षा घेतली. पहिल्या बाजारी दोन्ही चाकांना जाड. एकही पंक्चर नाही, पण बापू दुपार कलल्यावर उगवले. “टायर न्हवं, जातं हाय ह्ये. जातं दळत आलो.” वीस शेरांचे उरले नऊ. दुसऱ्या बाजारी दोन्हींना पातळ. बारा मैल वाऱ्यासारखे आले आणि पुढच्या चार मैलांत पाच पंक्चर. उरले आठ. तिसऱ्या बाजारी पुढं पातळ आणि मागं जाड. उरले तेरा!

गावात पारावर यावर मोठी खडाजंगी झाली. केरबा नालबंद, म्हणजे बैलांच्या खुरांना पत्र्या मारणारा, तो म्हणाला, “उलटं हाय रं ह्ये! काटा आदी फुडच्या चाकाला गावतो. जाड फुडं पायजे.”

बापू शांतपणे म्हणाले, “फुडचं चाक काट्याला उटवतं, गड्या. मागचं त्येच्यावर बसतं. वजान बी मागंच. मागं जाड, फुडं पातळ.”

तिथंच विषय संपायला हवा होता. पण तेवढ्यात विजयमालेची सुपारी फुटायची वेळ आली.

मुलगा रहिमतपूरजवळच्या वाडीचा. त्याचे वडील मानसिंगराव, पलटणीतले सुभेदार, मिसरात, म्हणजे इजिप्तात, लढून आलेले. बैठकीत ताठ बसले आणि म्हणाले, “हुंडा नको. मानपान नको. वऱ्हाडाच्या सरबतात बर्फ पायजे.”

“आवं, आणतो की,” बापू म्हणाले. त्यांना वाटलं चेष्टा आहे.

“चेष्टा न्हाई. मिसरात सायबानं मला त्येच्या हातानं गिलास दिला. त्यात बर्फ वाजायचा. वाडीत सांगितलं तर समदे हसले. पानी कुटं वाजतंय व्हय म्हणून. दोन वरसं हसत्यात. लग्नात त्येंच्या कानावर घालीन तवाच गप हुतील. बर्फ न्हाई आला तर अक्षता पडायच्या न्हाईत. वऱ्हाड माघारी.”

विजयमाला दाराआड माझा हात इतका घट्ट धरून उभी होती की माझी बांगडी पिचली. मुलगा तिला आवडला होता. आणि आता सगळं एका लादीवर!

लग्न वैशाखातलं, गोरज मुहूर्त. गाव पेटून उठलं. पाटील म्हणाले, “नाथाजी, आमी रस्ता झाडून दितो. मागं-फुडं पातळ घाल. उडत ये.”

“मागं जाड पायजे, पाटील.”

“आरं, काटाच न्हाई ऱ्हायला तर जाड कशाला? सगळ्या गावावर इस्वास न्हाई व्हय तुजा?”

लग्नाच्या आदल्या दिवशी गावानं खरोखर खराटे घेऊन चार मैल रस्ता झाडला. बाया, बापे, आमच्या शाळेचे सगळे वर्ग. काट्यांचा ढीग पेटवला तर आमच्या मास्तरांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोळ्यांत पाणी आलं, धुरानं की कशानं माहीत नाही. बापूंनी मागचा जाड टायर काढला आणि लग्नाच्या दिवशी पहाटेच सांगलीला गेले.

आणि त्याच सकाळी गावाला आठवलं, की वऱ्हाड भिलवडी स्टेशनावर उतरणार, त्यांना आणायला बारा गाड्या जाणार, आणि सुभेदाराच्या वऱ्हाडापुढं झिजल्या पत्र्यांचे बैल लंगडत न्यायचे कसे! नव्या पत्र्या मारल्याच पाहिजेत. केरबानं सोयीची जागा बघितली. सावली हवी, पाणी हवं. म्हणजे ओढा. सांगलीच्या रस्त्यावरचा. चोवीस बैल तिथं आडवे पाडून केरबानं जुन्या पत्र्या उपटल्या आणि त्यातले जुने खिळे, चारशेच्या आसपास, स्वच्छ झाडलेल्या रस्त्यावर मोकळ्या हातानं उधळले. बैल झकास चालायला लागले. गाड्या घुंगरं वाजवत स्टेशनाकडे गेल्या. कुणाच्या म्हणजे कुणाच्याही डोक्यात काही आलं नाही. माझ्यासुद्धा नाही, मी तिथं केरबाला चहा नेऊन दिला होता!

बापू खरंच उडत आले. ओढ्यापर्यंत लादीतले सतरा शेर शाबूत. मग दोन्ही चाकं एकदम बसली. बापू उतरले, पंक्चर काढायला लागले. चार ठिगळं लावली, दहा पावलं गेले, परत तीन. खाली बघितलं तर रस्ता खिळ्यांनी चमकतोय. माणसानं सायकल टाकून पळायला हवं की नाही? पण ती सायकल त्यांनी वीस वर्षांत रस्त्यात कधी टाकली नव्हती. ते उन्हात बसून ठिगळं लावत राहिले आणि शेजारी विजयमालेचं लग्न थेंबाथेंबानं मातीत जात राहिलं. ठिगळं संपली. मग उठले, सायकल बाभळीला टेकवली आणि, हे त्यांनीच मला सांगितलं, तिला म्हणाले, “ऱ्हा जरा. आलोच.” पोतं डोक्यावर घेतलं आणि पळाले.

वेशीत आले तेव्हा वऱ्हाड मांडवात बसलेलं. हरणाबाईंनी पोतं सोडलं. आत भुसा, भुसा, भुसा आणि एक नारळाएवढा बर्फ. माणसं दोनशे.

बापू सुभेदारांपुढं हात जोडून उभे. “एवडाच उरला, सुभेदार. गावानं रस्ता झाडला हुता.”

सुभेदार बर्फाकडे बघत राहिले. मग एकदम उठले. “घंगाळ आणा!”

कल्हई केलेल्या घंगाळात लिंबाचं सरबत ओतलं. बर्फ सोडला. सुभेदार ओरडले, “अटेन्शन!” दोनशे माणसं दगड झाली. दोघांनी कड्या धरून घंगाळ हलवलं.

टिण्ण.

सुभेदारांनी डोळे मिटले. “वाजला?”

“वाजला!” पुढच्या रांगा म्हणाल्या.

“आमाला न्हाई आला ऐकू,” मागून एक म्हातारी. म्हणून घंगाळ मांडवभर फिरवलं, प्रत्येक रांगेपुढं टिण्ण, टिण्ण, आवाज बारीक होत गेला, आणि शेवटच्या रांगेपाशी पोचेपर्यंत बर्फ संपला. ती रांग आजही म्हणते पाणी वाजत नाही. पण सुभेदारांना बाकीच्या रांगा पुरल्या. “घ्या अंतरपाट!” म्हणाले. भर मांडवात मी रडले, अगदी हुंदके देऊन.

अक्षता पडल्या आणि बापूंचं पहिलं वाक्य होतं, “सायकल आणली का कुनी?” केरबा मान खाली घालून गेला, ती खांद्यावर घेऊन आला आणि रात्र व्हायच्या आत सगळे खिळे वेचून आला.

आता कुणी टायर घ्यायला निघालं की बापू आधी विचारतात, “काय घिऊन चालनार हायस? वितळणारं का न वितळणारं?” न वितळणारं असेल तर कुठलाही घ्या म्हणतात. वितळणारं असेल तर “मागं जाड, फुडं पातळ, आन गावाचं आयकायचं न्हाई.”

तुम्ही जाच त्यांना भेटायला. पण पुढच्या आठवड्यात जा, लांबवू नका. मृग लागला की ते सायकल आढ्याला टांगतात आणि मग बाजारात दिसत नाहीत. ओढ्यापाशी थांबलात तर समोरून येताना दिसतील. आवाज द्या, हात करा, पण थांबवू नका. सायकलीबरोबर पळत पळत गावापर्यंत या. बोलतात ते तेव्हाही.